अकरा विजय, दोन पराभव

गणपतराव देशमुखांचं नाव निघालं की पाठोपाठ अकराचा आकडा येतो. अकरा वेळा आमदार, मतदारसंघ एकच, पक्षही एकच. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्याबाहेर त्यांची ओळख बहुतेकांना एवढीच आहे. फार तर एसटीने फिरणारा साधा आमदार एवढी भर पडते. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात बोलका आकडा १९२ हा वाटतो. १९९५ साली ते सांगोल्यात एवढ्या मतांनी पडले. अकरा विजयांचं कौतुक करताना आपण हे विसरतो की या माणसाने एकूण तेरा निवडणुका लढवल्या आणि त्यातल्या दोन गमावल्या. आमदार कसा टिकतो, हे त्या दोन पराभवांतून जास्त नीट कळतं.

१९२ मतं म्हणजे किती? एका मतदान केंद्रावर साधारण हजारभर मतदारांची नावं असतात. म्हणजे अख्ख्या तालुक्याचा कौल एका केंद्रावरच्या पाचव्या हिश्शाने फिरला. त्यात तेव्हा मतदान यंत्रं नव्हती. कागदी मतपत्रिका, त्यावर फुलीचा शिक्का, मग घडी घालून पेटीत. घडी चुकीची पडली की शिक्क्याची ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटायची. शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर बसायचा. कुणी शिक्क्याऐवजी अंगठा उठवायचा, कुणी दोन उमेदवारांना खूश करायचा. मोजणीच्या टेबलावर अशा पत्रिका बाजूला काढायच्या, त्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे जायच्या आणि दोन्हीकडचे प्रतिनिधी एकेका कागदावर हुज्जत घालायचे. मोठ्या मताधिक्यात बाद मतांकडे कुणी ढुंकून बघत नाही. १९२ च्या फरकात मात्र बाद मतांचा प्रत्येक गठ्ठा काळजाचा ठोका चुकवतो.

त्या वर्षी जिंकले काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलातून फोनवर झाडी आणि डोंगराचं वर्णन करून जे महाराष्ट्रभर पोहोचले, तेच हे शहाजीबापू. यातली गंमत अशी की १९९५ हे वर्ष काँग्रेसच्या पडझडीचं होतं. राज्यात काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेना-भाजप युतीचं सरकार बसलं, आणि नेमक्या त्याच निवडणुकीत सांगोल्याने तीन दशकांचा शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) आमदार बाजूला ठेवून काँग्रेसचा निवडला. राज्यातल्या वाऱ्याशी सांगोल्याचं असं नेहमीच वाकडं राहिलेलं आहे.

गणपतराव मूळचे सांगोल्याचे नव्हेत. त्यांचा जन्म १० ऑगस्ट १९२६ रोजी मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. राजकारणात आले ते शेतकरी कामगार पक्षातून, आणि या पक्षाची पार्श्वभूमी माहीत असल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास काँग्रेसमधल्याच एका गटाला वाटू लागलं की पक्ष शेटजींच्या आणि बड्यांच्या हाती चाललाय, बहुजन शेतकऱ्याचं ऐकणारं तिथे कुणी उरलं नाही. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही त्यातली मोठी नावं. १९४८ पर्यंत हा गट काँग्रेसबाहेर पडला आणि १९५० मध्ये दाभाडीच्या अधिवेशनात पक्षाने मार्क्सवादी भूमिकेचा प्रबंध मंजूर केला. पुढे जेधे आणि मोरे दोघंही काँग्रेसमध्ये परतले. नेते गेले, पण गावोगावचे कार्यकर्ते राहिले. रायगड, सोलापूर, कोल्हापूर, मराठवाड्यात कंधार-उस्मानाबादचा पट्टा इथे लाल बावटा टिकला तो या दुसऱ्या फळीमुळे. उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, केशवराव धोंडगे आणि गणपतराव देशमुख हे सगळे याच फळीतले. कार्यकर्ते एकमेकांना ‘भाई’ म्हणतात. सांगोल्यात मात्र गणपतराव ‘आबासाहेब’ झाले आणि अखेरपर्यंत आबासाहेबच राहिले.

सांगोला हा माणदेशाचा भाग. व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातून मराठी वाचकाने जो मुलूख पाहिला, तो शेजारच्या आटपाडीचा असला तरी माती आणि माणसं हीच. पाऊस तुटपुंजा, तोही भरवशाचा नाही. माण नदी वर्षातला बराच काळ वाळूचीच असते. शेळ्या-मेंढ्या, खिलार जनावरं, रविवारी भरणारा सांगोल्याचा जनावरांचा बाजार आणि अलीकडच्या काळात डाळिंब, यांवर तालुका जगला. उसाच्या पट्ट्यात साखर कारखाना हेच सत्तेचं केंद्र असतं. चेअरमन आमदार होतो नाहीतर आमदार ठरवतो. सांगोल्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात ही यंत्रणा तितकी जोरकस नव्हती. काँग्रेसच्या साखरेच्या राजकारणाला इथे घट्ट पाय रोवता आले नाहीत आणि शेकापसारख्या पक्षाला जागा मिळाली, असं माझं मत. मतदारांत धनगर समाज मोठ्या संख्येने आहे आणि गणपतराव त्याच समाजातले होते, हेही लपवायचं कारण नाही. पण निव्वळ जातीच्या बेरजेवर कुणी अकरा वेळा निवडून येत नाही. मराठा आणि इतर समाजांतली मतं त्यांना सातत्याने पडली म्हणूनच हे गणित पन्नास वर्षं जमलं.

१९६२ साली ते पहिल्यांदा निवडून आले. संयुक्त महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झाली होती आणि चळवळीची धग ओसरत होती. १९५७ च्या लाटेत निवडून आलेले विरोधकांचे कितीतरी गडी १९६२ ला पडले. २६४ जणांच्या विधानसभेत शेकापचे पंधरा आमदार आले, तरी विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष हाच, आणि विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे गेलं. १९६७ ला पक्ष एकोणीसवर गेला, गणपतरावही पुन्हा आले.

मग १९७२. बांगलादेश युद्धानंतरची इंदिरा लाट. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला, शेकापला अवघ्या सात. गणपतराव काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून हरले. हा पराभव लाटेतला. यात स्वतःचं काय चुकलं हे शोधायला फारशी जागा नसते. दोन वर्षांनी काकासाहेबांच्या निधनामुळे पोटनिवडणूक लागली आणि १९७४ मध्ये गणपतराव परत सभागृहात आले. मधली दोन वर्षं म्हणजे १९७२ च्या भीषण दुष्काळाची. त्या काळात आमदारकी नसलेला माणूस तालुक्यात काय करत फिरतो हे मतदार बघत असतो. पोटनिवडणूक सहसा सत्ताधाऱ्यांची समजतात: सरकार त्यांचं, मंत्री गावोगाव तळ ठोकून, रस्त्याची खडी प्रचार सुरू होण्याआधीच येऊन पडलेली. तरी गुलाल गणपतरावांवर पडला.

आणीबाणीमुळे त्या विधानसभेची मुदत लांबली. १९७७ मध्ये ते विरोधी पक्षनेते झाले. १९७८ च्या निवडणुकीत कुणालाच बहुमत नव्हतं. जुलैमध्ये शरद पवारांनी पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं सरकार बनवलं आणि तेरा आमदारांचा शेकाप त्यात सामील झाला. एन. डी. पाटलांकडे सहकार आलं, गणपतरावही मंत्री झाले. रोजगार हमीचा कायदा अमलात आला तो याच सरकारच्या काळात, २६ जानेवारी १९७९ पासून. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने सरकार बरखास्त केलं. दीड वर्षाचं मंत्रिपद तिथेच संपलं.

त्यानंतरच्या निकालांत एक विचित्र चित्र दिसतं. शेकापच्या जागा अशा उतरत गेल्या: १९७८ ला तेरा, १९८० ला नऊ, १९८५ ला पुन्हा तेरा, १९९० ला आठ, १९९५ ला सहा, १९९९ ला पाच, २००४ ला दोन, २००९ ला चार, २०१४ ला तीन. पक्षाचं घर एकेक खण ढासळत होतं आणि सांगोल्याची भिंत उभी होती. याचं श्रेय गणपतरावांना द्यायलाच हवं. पण एक टोचणारा प्रश्नही विचारायला हवा: पन्नास वर्षं सभागृहात असलेला, एकेकाळी विरोधी पक्षनेता राहिलेला नेता आपला पक्ष शेजारच्या तालुक्यात का रुजवू शकला नाही? शेकापचे सगळेच मोठे नेते आपापल्या गढीत अजिंक्य होते, गढीबाहेर मात्र पक्ष विरत गेला. कंधार धोंडग्यांचं, पनवेल दि. बां.चं, सांगोला आबासाहेबांचं. एकेका माणसाच्या सचोटीवर उभा राहिलेला पक्ष त्या माणसाच्या तालुक्याएवढाच होतो. गणपतरावांच्या यशाची ही दुसरी बाजू त्यांच्यावरच्या गौरवलेखांत सहसा येत नाही.

आता मुद्दा असा की सत्तेत नसलेला, छोट्या पक्षाचा आमदार तालुक्याला देतो काय? त्याच्याकडे ना खातं, ना बदल्यांचा अधिकार, ना निधीवर पकड. त्याच्या हाती असतात ती सभागृहाची आयुधं. तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरासाठी मंत्रालयातली फाइल आधी तालुक्यापर्यंत खाली जाते. तहसीलदाराला माहिती पाठवावी लागते, अभियंत्याला काम कुठे अडलं ते कागदावर लिहून द्यावं लागतं. पुष्कळदा उत्तर येण्याआधीच काम सुरू होतं. लक्षवेधी सूचनेत ताज्या प्रश्नावर मंत्र्याकडून निवेदन मिळतं. कपात सूचनेतून खात्याच्या मागणीवर बोलता येतं. एक रुपयाही कापला जात नाही, पण खात्याचा कारभार चव्हाट्यावर येतो. अर्धा तास चर्चेत गुळमुळीत उत्तराचा पाठपुरावा करता येतो. ही आयुधं वापरायची तर दोनच गोष्टी लागतात: नियमांचं पुस्तक पाठ असणं आणि सभागृहात बसून राहणं. गणपतरावांची दोन्हींबद्दल ख्याती होती. कामकाज सुरू झाल्यापासून संपेपर्यंत आपल्या बाकावर बसणारा सदस्य, अशीच त्यांची आठवण सर्व पक्षांचे लोक काढतात. आजकाल सभागृहाच्या पायऱ्यांवर फलक धरून उभं राहणं हेच आयुध झालंय, त्यामुळे हे सांगावं लागतं.

दुष्काळी तालुक्याला त्यातून मिळायचं काय, तर रोजगार हमीची कामं. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. काम काढलं तर मजुरी मिळते, मजुरी मिळाली तर माणूस गाव सोडत नाही. नमुना भरून काम मागितल्यावर ते देणं सरकारवर बंधनकारक आहे, ही रोजगार हमीची खरी ताकद. ज्या तालुक्यातला कार्यकर्ता तो नमुना भरून घेतो तिथे कामं निघतात, नाहीतर कायदा पुस्तकात राहतो. शेकापची खेड्यातली फळी इथे कामी आली. आमदाराची मतं मुंबईत मिळत नाहीत. हजेरीपत्रकावर नाव लागलं की नाही, पगार वेळेत झाला की नाही, इथे ती मिळतात.

पण रोजगार हमी ही मलमपट्टी. मूळ दुखणं पाण्याचं. कृष्णा लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या निवाड्याचा फेरविचार होऊ शकत होता. तोवर पाणी अडवून वापरात आणलं नाही तर हक्क दुबळा होणार, ही धास्ती नव्वदच्या दशकात होती. अडवायचं तर ठीक, पण द्यायचं कुणाला? नदीकाठच्या उसालाच, की वर माळावरच्या बाजरीलाही? क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव यांनी सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र करून १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या. मागणी समन्यायी वाटपाची होती: कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, आणि ते सगळ्यांना वाटून द्या. टेंभू योजनेमागे या चळवळीचा रेटा मोठा. कऱ्हाडजवळच्या टेंभूपाशी कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने उचलायचं आणि सांगली जिल्हा ओलांडून सांगोल्यापर्यंत आणायचं, असा हा पसारा.

उपसा योजनेत शेवटच्या तालुक्याचं दुखणं ठरलेलं असतं. वरचे पंप चालू राहिले, वीजबिल भरलं गेलं, मधल्या गावांनी दारं अडवली नाहीत, तर पाणी टोकाला पोहोचतं. सांगोला टेंभूच्याही शेपटाला, म्हैसाळच्याही आणि नीरा उजव्या कालव्याच्याही. तीन योजनांची नावं आणि तिन्हींची अखेरची टोकं, अशा तालुक्यात आमदाराचं अर्धं आयुष्य आवर्तनाच्या तारखा मागण्यात जातं. पाणी आलं, पण ज्या हिशेबाने यायला हवं होतं त्या हिशेबाने गणपतरावांच्या हयातीत सगळीकडे पोहोचलं नाही. हे त्यांचं अपयश म्हणावं की महाराष्ट्राच्या पाटबंधाऱ्यांचं, यावर सांगोल्यात पारावर अजून वाद घालता येईल. माझं माप पाटबंधाऱ्यांच्या बाजूला झुकतं.

दुसरं ठळक काम सूतगिरणीचं. ज्या तालुक्याची ओळख कापसाची नाही, तिथे शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी काढायची, म्हणजे ऐकणाऱ्याला हसू यावं. राज्यातल्या कित्येक सहकारी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या, अवसायनात गेल्या, त्यांच्या जागांवर डोळे ठेवणारेही निघाले. सांगोल्याची गिरणी चालत राहिली आणि पुढे महिलांची वेगळी सूतगिरणीही निघाली. सहकारी संस्थेत नोकरभरती आणि खरेदी या दोन ठिकाणी पैसा झिरपतो, तिथे हात आवरता आला की संस्था जगते. यात गूढ काही नाही. आमदाराच्या वागण्याची तालुक्याला रोज दिसणारी पावती म्हणजे ही गिरणी. एसटीने प्रवास करणारा आमदार ही गोष्ट वर्तमानपत्रांना आवडते. खरं तर प्रत्येक एसटीत आमदारासाठी आसन राखीव असतं आणि प्रवासही मोफत असतो, फक्त तिथे बसायला सहसा कुणी येत नाही. पण नुसत्या एसटीच्या तिकिटावर मतं मिळत नसतात. मिळाली ती गिरणीच्या ताळेबंदावर जास्त.

मग एवढं सगळं असून १९९५ ला ते पडले कसे? सलग एकवीस वर्षं आमदार राहिल्यावर नवा मतदार तयार झालेला असतो, त्याला १९७२ चा दुष्काळ आठवत नाही. समोर तरुण, फर्डा वक्ता. बदल हवा ही भावना त्या वर्षी राज्यभर होतीच. इतरत्र ती काँग्रेसच्या विरोधात गेली, सांगोल्यात वर्षानुवर्षं निवडून येणारा माणूस शेकापचा होता म्हणून त्याच्या विरोधात गेली. हा माझा तर्क आहे, पण राज्याच्या उलट दिशेने लागलेल्या या निकालाचं दुसरं सयुक्तिक कारण मला दिसत नाही. १९७२ चा पराभव लाटेचा होता, १९९५ चा स्वतःच्या दीर्घ कारकिर्दीचा. वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी असा धक्का बसल्यावर माणूस सत्काराच्या शाली घेऊन घरी बसतो. गणपतराव चार वर्षांनी पुन्हा उभे राहिले, निवडून आले, आणि पुढच्या तिन्ही निवडणुकाही त्यांनी जिंकल्या.

१९९९ ला विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते पुन्हा मंत्री झाले; पणन आणि रोजगार हमी ही खाती त्यांच्याकडे होती. २००२ मध्ये शेकापने पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. दोन्ही वेळा मिळून मंत्रिपद चार-साडेचार वर्षांचं. आमदारकीचा काळ मोजला तर १९६२ ते ७२ ची दहा, १९७४ ते ९५ ची एकवीस आणि १९९९ ते २०१९ ची वीस, अशी एक्कावन्नाच्या आसपास वर्षं होतात. म्हणजे शेहेचाळीसेक वर्षं हा माणूस विरोधी बाकावर किंवा सत्तेच्या कडेला बसून होता.

त्यांच्या विक्रमाबद्दल थोडं. ‘देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार’ असं त्यांच्याविषयी सर्रास लिहिलं जातं. हे बरोबर नाही. करुणानिधी तमिळनाडू विधानसभेवर तेरा वेळा निवडून गेले, मात्र वेगवेगळ्या मतदारसंघांतून. केरळमध्ये के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १९६५ ते २०१६ सलग तेरा वेळा जिंकले. त्यातली १९६५ ची विधानसभा तर एकदाही भरली नाही. ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ सलग बारा वेळा आले. हे तिघंही आकड्याने गणपतरावांच्या पुढे आहेत. पण चंडी आणि करुणानिधी मुख्यमंत्री झाले, मणींनी केरळचे तेरा अर्थसंकल्प मांडले. त्यांच्या मतदाराला निधीची वाट माहीत होती. सांगोल्याच्या मतदाराने ज्याला वर्षानुवर्षं निवडून दिलं, त्याच्या हाती देण्यासारखं फार थोडं होतं. महाराष्ट्रात मात्र अकराच्या जवळ कुणी नाही. वडाळ्याचे कालिदास कोळंबकर २०२४ मध्ये नवव्यांदा आले, तेही वेगवेगळ्या पक्षांकडून. खोट्या विक्रमाची गरज गणपतरावांना नव्हती. खरा पुरेसा आहे.

शेवटची निवडणूक त्यांनी २०१४ ला, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी लढवली. त्यांना ९४,३७४ मतं पडली, तोवर शिवसेनेत गेलेल्या शहाजीबापूंना ६९,१५०. फरक २५,२२४ चा. मोदी लाटेच्या वर्षी, सगळे मोठे पक्ष स्वतंत्र लढत असताना लागलेला हा निकाल. सांगोल्याच्या मतदारसंघात तोवर पंढरपूर तालुक्यातला भाळवणीकडचा भागही आला होता, तरी फारसा फरक पडला नाही.

२०१९ ला वयोमानामुळे ते थांबले. पक्षाने आधी दुसरं नाव जाहीर केलं, कार्यकर्त्यांनी घरातलाच उमेदवार हवा असा आग्रह धरला आणि नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. घराणेशाहीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या पक्षाने अखेर तीच वाट धरली, हे अनेकांना खटकलं, मलाही खटकतं. पण निकाल पाहण्यासारखा आहे. नातवाला ९८,६९६ मतं मिळाली, आजोबांच्या २०१४ च्या मतांपेक्षा चार हजारांहून जास्त. तरी ते ७६८ मतांनी हरले, कारण शहाजीबापू ६९ हजारांवरून ९९,४६४ वर गेले होते. म्हणजे शेकापची मतं फुटली नाहीत. विरोधातली मतं पहिल्यांदाच एका जागी गोळा झाली. आबासाहेबांच्या पन्नास वर्षांच्या यशातला एक भाग समोरची मतं विभागली जाण्याचाही होता, हे या निकालाने उघड केलं. शहाजीबापूंचे दोन्ही विजय एकत्र धरले, १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८, तर बेरीज होते ९६०. एखाद्या नेत्याने आमदारकीच्या दोन मुदती हजाराच्या आतल्या मताधिक्यावर मिळवल्या, असं उदाहरण महाराष्ट्रात शोधूनच काढावं लागेल. त्यांच्या चिकाटीलाही दाद द्यायला हवी: समोर एवढा मोठा माणूस असताना ते पुन्हा पुन्हा लढत राहिले.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात गणपतरावांचं निधन झालं. तीन वर्षांनी, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत शेकापने त्यांचेच दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांना उभं केलं. लढत तिरंगी झाली, कारण महाविकास आघाडीतल्या शिवसेनेनेही वेगळा उमेदवार दिला. बाबासाहेबांना १,१६,२५६ मतं पडली, शहाजीबापूंना ९०,८७०. फरक २५,३८६, दहा वर्षांपूर्वी आजोबांना मिळालेल्या मताधिक्याच्या जवळपास तेवढाच. त्याच निवडणुकीत अलिबाग, पेण, पनवेल, उरण हा रायगडातला शेकापचा जुना पट्टा रिकामा राहिला, नांदेड जिल्ह्यातलं लोहाही गेलं. २८८ जणांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्याचा.